पालथा वाडगा

डोंगरातल्या त्या शहरात बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना स्टँडवरचे हमालच सांगायचे, "खिडकीतून देखावा पाहिजे तर कुठंही उतरा. जेवण पाहिजे तर थांबाकाकूंकडे जा. फक्त भूक लागली की लगेच ताट समोर येईल, ही आशा इथंच सोडून जा."

थांबाकाकूंचं लॉज शहराच्या वरच्या टोकाला होतं. बाजाराचा रस्ता काठ्या, बूट आणि रेनकोट भाड्याने देणाऱ्या दुकानांमधून वळसे घेत चढायचा, रोपवेच्या स्टेशनावरून पुढे जायचा आणि लॉजच्या फाटकापाशी त्याचं डांबर संपायचं. पुढे नुसती पायवाट. सकाळी पाहुणे त्या वाटेने वर जायचे. कुणी धबधब्यापर्यंत, कुणी दोर लावून कडा चढायला, धडधाकट असतील ते थेट खिंडीपर्यंत. संध्याकाळी पोटात कावळे कोकलत असताना खाली यायचे, आणि खाली आले की त्यांची गाठ काकूंशी पडायची.

जेवणाच्या खोलीत शिरताना डाव्या हाताला एक लांब फळी होती. तिच्यावर एनॅमलचे पांढरे वाडगे मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाने खोलीचा आकडा. डोंगरावर जाणाऱ्याने सकाळी आपला वाडगा आपल्या हाताने पालथा घालायचा. परत आल्यावर खोलीत जायचं नाही, बुटाची नाडी सोडायची नाही. आधी वाडगा उचलून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. काकू त्यात उकळतं सूप ओतणार. ते त्यांच्या डोळ्यांदेखत प्यायचं आणि रिकामा वाडगा फळीवर सुलटा ठेवायचा. फळीवर एक जरी आकडा दिसत असला तरी जेवण टेबलावर येणार नाही. मटण शिजून विरघळो, बटाटे गार होवोत, कुणी बडा साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालो. काकूंचा एकच शब्द. "थांबा."

त्या शब्दावरूनच त्यांचं नाव पडलं होतं. लॉजचा कारभार बघणारे त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, त्यांना वर्षानुवर्षं समजावत आले होते. "वहिनी, हे लॉज आहे, शाळा नाही. लोक पैसे देऊन येतात, उपाशी बसायला नाही." पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. काकू ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा फळीसमोर उभ्या राहायच्या.

फळीच्या अगदी टोकाला एक वाडगा मात्र कायम पालथा असे. त्याच्यावर आकडा नव्हता, कडेचा मुलामा उडून पत्रा गंजला होता. त्याच्यासाठी जेवण अडत नसे. नव्या पाहुण्याने विचारलं की भाऊजी त्याला हवापाण्याचं काहीतरी सांगून टेबलाकडे न्यायचे.

तो काकूंच्या नवऱ्याचा.

तो वाटाड्या होता. पाहुण्यांना खिंडीत न्यायचा आणि आणायचा. काकू तेव्हा तरण्या होत्या, पदरात रांगती पोर, स्वयंपाकघराची नवी नवलाई. एका धुक्याच्या संध्याकाळी त्याची माणसं खाली आली आणि म्हणाली, "मागेच आहे तो. येतोय." भुकेली माणसं, तयार जेवण, काकूंनी वाढलं. कुणीतरी गमतीची गोष्ट सांगितली आणि काकू हसल्या. पोट धरून हसल्या. नवरा आला असेल, दमून परस्पर वर जाऊन झोपला असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. ताटं उचलताना एक ताट कोरडं राहिलेलं दिसलं तेव्हा त्या धावत वर गेल्या. पुढे पुष्कळ शोध झाला. डोंगराने त्याला परत दिलंच नाही. लोक म्हणत, तुमचा काय दोष? पण काकूंना ते जेवण विसरता आलं नाही आणि ते हसणं तर मुळीच नाही. त्यानंतर त्यांनी फळी ठोकून घेतली.

रांगती पोर मोठी झाली ती भिंगरी होऊन. एका जागी पाय म्हणून ठरत नसे तिचा. तिच्या लहानपणच्या वाडग्याच्या बुडाला बापाने लाल रंगात एक भिंगरी काढून ठेवली होती, तेच तिचं नाव पडलं. काकूंना वाटायचं पोरीने स्वयंपाकघर सांभाळावं, नाहीतर भाऊजींबरोबर काउंटरवर बसावं. पण रक्त आपला रस्ता शोधतंच. कळायला लागल्यापासून ती वरच्या वाटांवर. रोपवेच्या माणसांनी तिला दोर शिकवले, मेंढपाळांनी आडवाटा दाखवल्या, आणि एक दिवस येऊन ती म्हणाली, "आई, मी खिंडीत पाहुणे नेणार."

मायलेकींचं त्यावर जे भांडण झालं ते बाजारापर्यंत ऐकू गेलं. शेवटी काकू हरल्या. पोटच्या पोरीपुढे कोण जिंकलंय? पण हरता हरता त्यांनी एक अट घातली. "तुझ्यामागे एक जरी माणूस वर राहिला, तर दुसऱ्या दिवसापासून तू चुलीपाशी. पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

"कबूल," भिंगरी म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडली.

त्या अटीचा काकूंना फार आधार वाटायचा. पोर हट्टी आहे, पण दिला शब्द मोडणार नाही, असं त्या शेजारणींना सांगत. तिच्या पहिल्या हंगामात एकही माणूस मागे राहिला नाही. दुसऱ्यातही नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळपासूनच काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चुलीचा धूर धुराड्यातून वर चढायचं नाव घेईना. तो छपरावरून खाली घरंगळत अंगणात येऊन बसला. एरवी कड्यावर घिरट्या घालणारे कावळे खाली लॉजच्या कुंपणावर ओळीने बसले होते आणि एकही ओरडत नव्हता.

"भिंगरे, आज खिंड राहू दे. धबधब्यापर्यंत ने आणि आण," काकू म्हणाल्या.

"आई, आभाळ बघ की. आरशासारखं आहे."

"आभाळाचं सांगू नकोस मला. धूर बघ."

"धुराला काय, लाकडं ओली असतील." तिने जाकीट चढवलं. तांबडं, खांद्यावर ठिगळ लावलेलं. ठिगळ काकूंनीच लावलं होतं. तिच्याबरोबर तीन पाहुणे होते. कापडाचे एक स्थूल व्यापारी, त्यांची तितकीच सडपातळ बायको, आणि पाच नंबरच्या खोलीतला एक फोटोवाला. त्याच्या गळ्यात दोन कॅमेरे, आणि कुठलंही वळण आलं की "फक्त एक मिनिट" हे पालुपद. चौघांनी आपापले वाडगे पालथे घातले. भिंगरीने जाताना नेहमीप्रमाणे बापाच्या वाडग्यावर बोटाने टकटक केलं.

दुपारपर्यंत ऊन होतं. मग खिंडीच्या बाजूने करडं काहीतरी सरकत आलं, आणि बघता बघता वरचा अर्धा डोंगर दिसेनासा झाला. वारा सुटला. छपराचे पत्रे कुरकुरायला लागले. काकूंनी सूप चुलीवर चढवलं, कांदे चिरले, पाव भाजायला घातला, आणि दर थोड्या वेळाने हात पुसत फाटकापर्यंत जाऊन आल्या.

"वहिनी, तुमच्या येण्याजाण्याने वाट झिजेल," भाऊजी म्हणाले. त्यांची थट्टाही त्या दिवशी थोडी पडेलच होती.

अंधारून येत असताना फाटक वाजलं. आधी व्यापाऱ्यांचा आवाज आला. ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते आणि आपण आयुष्यात पुन्हा जिना सोडून काहीही चढणार नाही, असं सगळ्या जगाला बजावत होते. त्यांच्यामागून भिंगरी आली. तिचे केस ओले होते, ओठ पांढरे. काकूंच्या छातीवरचा दगड उतरला. त्यांनी व्यापाऱ्यांच्या वाडग्यात सूप ओतलं, त्यांच्या बायकोच्या वाडग्यात ओतलं. आणि वर बघतात तो भिंगरी दोन वाडगे घेऊन उभी. एक तिचा, एक पाच नंबरचा.

"हे काय? तो कुठंय?"

"पाय सुजलेत त्याचे. फाटकातून तसाच मागच्या जिन्याने खोलीत गेला. पडलाय पलंगावर. दे, मी नेऊन देते त्याला."

"नियम म्हणजे नियम. त्याला म्हणावं, इथं ये."

"आई, पायात बूट अडकलेत त्याचे, निघत नाहीत. दे ना गं लवकर!"

एरवी काकूंनी ऐकलं नसतं. पण पोर डोळ्यांसमोर होती, धडधाकट, तोंडाने वाफा सोडत बोलत होती, आणि सगळा दिवसभराचा घोर नुकताच उतरला होता. त्यांनी दोन्ही वाडगे भरले. भिंगरीने स्वतःचं सूप उभ्याउभ्या घशात ओतलं. जीभ भाजली तरी थांबली नाही. रिकामा वाडगा फळीवर सुलटा ठेवला आणि दुसरा भरलेला घेऊन जिन्याकडे वळली. मग परत फिरली, आईच्या कमरेच्या फडक्याला ओले हात पुसले. लहानपणी पुसायची तसे.

"मला जेवायला हाक मारू नको हं. आडवी होते जरा."

"बरं. मटण झाकून ठेवते तुझ्यासाठी."

व्यापाऱ्यांना काही सांगावंसं वाटलं होतं की काय, देव जाणे. नंतर त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, की फोटोवाला वरच्या वळणावर धुकं फाटायची वाट बघत थांबला होता, "तुम्ही व्हा पुढे, मी मागेच आहे" म्हणाला होता, आणि पोरीने त्यांना फाटकाबाहेर हात जोडून विनवलं होतं, "आईला बोलू नका. मी पाच मिनिटांत त्याला घेऊन येते. तिला कळलं तर माझं डोंगरावर जाणं संपलं." व्यापाऱ्यांना ती पोरीची आणि आईची नेहमीची लपवाछपवी वाटली. त्यांचा गुडघा दुखत होता, भूक लागली होती, आणि फळीवर आकडा दिसला तर जेवण नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस पोटाशी इमान राखतो. त्यांनी तोंड मिटलं.

काकूंनी फळीकडे पाहिलं. टोकाचा गंजका वाडगा सोडला तर सगळे सुलटे. एकही आकडा नाही.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्या शब्दाची लॉजमध्ये सगळे वाट बघायचे. खुर्च्या सरकल्या. दोन दिवसांपासून उतरलेलं एक म्हातारं जोडपं होतं, तेही आलं. काकूंनी मटणाचं पातेलं टेबलावर आणलं, बटाटे, भाजलेला पाव, लोणी. बाहेर वारा खिडक्यांना धडका देत होता, आणि आत वाफा, ताटांचा आवाज, ओल्या लोकरीचा वास. व्यापारी दोन घासांतच माणसात आले. आपण ओढ्यात कसे बसलो, उठलो नाही आणि बायकोने आपल्याला कसं ओढून काढलं, ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की म्हाताऱ्या बाईंना ठसका लागला. "लग्नात हिने माझा हात धरला, तो सोडवायला मी जन्मभर धडपडतोय," व्यापारी म्हणाले, "पण काल तोच कामाला आला. काल कसला, आजच! भुकेने वारसुद्धा विसरलो."

काकू हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या.

हसता हसताच त्यांचं लक्ष खुंट्यांकडे गेलं. तांबडं जाकीट खुंटीवर नव्हतं. खोलीत नेलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. ओलं जाकीट खोलीत नेत नाहीत, हेही त्यांनीच मनाशी म्हटलं. मागचं दार वाऱ्याने आपटलं. त्याची कडी त्यांनी दुपारी स्वतः लावली होती.

"फोटोवाल्याचं ताट देऊन येते," त्या म्हणाल्या.

"बसा हो काकू, येईल तो," व्यापारी घाईने म्हणाले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. काकूंनी ती मान खाली जाताना पाहिली.

जिन्याच्या वळणावर खिडकीच्या कट्ट्यावर पाच नंबरचा वाडगा होता. काठोकाठ भरलेला. सूप थिजून वर चरबीची पांढरी साय धरली होती. काकूंनी हातातलं ताट तिथंच ठेवलं. पाच नंबरची खोली उघडीच होती आणि पलंगावरची चादर सकाळी त्यांनी घडी घातली तशी होती. पोरीच्या खोलीत त्या गेल्याच नाहीत. जाऊन काय बघायचं होतं?

त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो वाडगा होता. कुणाशी काही न बोलता त्यांनी ते सूप मोरीत ओतलं आणि वाडगा फळीवर पालथा घातला. पाचाचा आकडा दिसू लागला. मग त्यांनी भिंगरीचा वाडगा उचलला. तोही पालथा घातला. बुडावरची लाल भिंगरी वर आली.

टेबलावरचे चमचे एकेक करून थांबले.

"वहिनी, भिंगरी आली होती ना?" भाऊजी उठत म्हणाले. "मी पाहिली की."

"आली होती. परत गेली." काकूंनी व्यापाऱ्यांकडे पाहिलं. "कुठं?"

व्यापाऱ्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी त्यांना बोल लावला नाही. पोरीला खोटं बोलायला कुणी शिकवलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं होतं. अट त्यांची, नियम त्यांचा. फळीकडे बघितलं की माणसाकडे बघायला नको, ही सवयही त्यांचीच. पोर समोर उभी राहून ओल्या हातांनी फडकं ओढत होती आणि आई वाडगे मोजत होती!

भाऊजी रोपवेच्या माणसांना बोलवायला धावले. दोर, दिवे, शिट्ट्या घेऊन माणसं फाटकाशी जमत होती, तेवढ्यात पायवाटेवरून एक उजेड हेलकावत खाली आला. काकू पुढे धावल्या. उजेडामागे तांबडं जाकीट दिसलं, खांद्यावरचं ठिगळही दिसलं. "भिंगरे!" त्या ओरडल्या.

जाकिटात फोटोवाला होता.

"मागेच आहे ती," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी घसरलो होतो, तिने मला ओढून वर घेतलं. त्यात तिचा पाय मुरगळला. मी भिजलो होतो म्हणून जाकीट मला दिलं. टॉर्च दिला. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, माणसं पाठवा. मी वाट चुकलो हो. फार वेळ चुकलो. पण ती मागेच आहे, वरच्या वळणावर, खडकाच्या आडोशाला."

मागेच आहे. काकूंनी हे शब्द पूर्वी ऐकले होते. तेव्हा त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.

माणसं वर गेली. काकूही निघाल्या होत्या, पण भाऊजींनी त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग त्या स्वयंपाकघरात आल्या, पाच नंबरचा वाडगा उचलला, सूप ओतलं आणि फोटोवाल्याच्या हातात दिला. "प्या," त्या म्हणाल्या. तो त्यांच्याकडे बघू शकला नाही. त्याचा वाडगा त्यांनीच फळीवर सुलटा ठेवला, आणि फळीवर दोन पालथे वाडगे राहिले, बापाचा आणि लेकीचा.

रात्रभर त्यांनी चूल विझू दिली नाही. सूप आटलं की पाणी घालायच्या, ढवळायच्या. टेबलावरचं जेवण कुणी उचललं नाही आणि कुणी खाल्लंही नाही. वर धुक्यात कुठंतरी शिट्ट्या वाजत होत्या. वाजणाऱ्या सगळ्या शोधणाऱ्यांच्या होत्या. काकूंना भिंगरीची शिट्टी ओळखता येत होती आणि ती वाजत नव्हती.

उजाडताना वारा पडला. धूर धुराड्यातून सरळ वर गेला. माणसं खाली आली ती हळू चालत आली, आणि त्यावरूनच अंगणातल्या सगळ्यांना कळलं. ती खडकाच्या आडोशाला नव्हती. वाट बघून बघून ती बहुतेक पाय ओढत खाली यायला निघाली होती, अंधारात, टॉर्चशिवाय. ओढ्याच्या काठी, बसल्या जागी थंडीने गेलेली सापडली. लॉजपासून फार लांब नव्हती.

तिला कुठं ठेवावं ते कुणाला सुचेना. भाऊजींनी टेबलावरची ताटं एका बाजूला सारली आणि तिला तिथं निजवलं. लोकांनी काकूंना वाट करून दिली. काकूंनी पोरीचं तोंड फडक्याने पुसलं, ओले केस कानांमागे घातले. मग त्या फळीशी गेल्या, भिंगरीचा वाडगा उचलला आणि चुलीपाशी नेऊन काठोकाठ भरला. सूप अजून उकळत होतं.

"वहिनी," भाऊजी म्हणाले.

"आली ती," काकू म्हणाल्या. "हिला तरी डोंगराने परत दिलं." त्यांनी खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. व्यापारी, त्यांची बायको, म्हातारं जोडपं, दारात उभा असलेला फोटोवाला. "आता बसा सगळे."

कुणीच बसलं नाही. वाडगा तापून काकूंचे हात लाल झाले होते. भाऊजींनी तो काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी तो सोडला नाही.